सिग्नलपुरती प्रार्थना

मोटार शिकवणाऱ्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर मात्र नसतो. म्हणजे शिकवणाऱ्याला गाडी थांबवता येते, पुढे नेता येत नाही. शिक्षणक्षेत्राचं इतकं प्रामाणिक चित्र दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

सावकाशबाई या सीटवर बरीच वर्षं बसत होत्या. हे नाव त्यांच्या शिष्यांनी ठेवलेलं. वळण आलं की बाई म्हणत, "सावकाश." उतार आला की "सावकाश." समोरून ट्रक येताना "सावकाश" आणि ट्रक निघून गेल्यावर, आपण दोघंही जिवंत आहोत याची खात्री करून, पुन्हा एकदा "सावकाश." शब्दाची फोड केली तर ज्यात अवकाश आहे ते सावकाश. बाईंकडे शब्द होता. अवकाश नव्हता.

घरात चार माणसं. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. लोकांचे फ्रिज नेमके आपल्या जेवणाच्या वेळी बिघडतात असा त्याचा अनुभव होता. निदान तो तसं सांगायचा. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे घरात असून नसल्यासारखी. आणि पुढच्या खोलीत खिडकीशी पलंगावर सासूबाई. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. जिभेला धक्का लागला नव्हता, ही देवाची कृपा असं सगळे म्हणत, आणि बाईही म्हणत.

बाई रविवारी चर्चला जात. तिथे पाळक सांगत की दिवसाची पहिली घटका देवाची असली पाहिजे. बाईंच्या दिवसाची पहिली घटका सासूबाईंच्या बेडपॅनची होती. पाळकांचं म्हणणं बाईंना मनापासून पटत असे, आणि बेडपॅनचंही म्हणणं टाळता येण्यासारखं नव्हतं. शिवाय घरात एक जिवंत उदाहरण पलंगावर पडलेलं होतं. सासूबाई धडधाकट असताना रोज पहाटे तासभर प्रार्थनेला बसत. आजारपणात तो तास गेला, पण त्याचं वर्णन राहिलं. "आमच्या वेळी बाई, तासभर! डोळ्यांतून पाणी वाहायचं. हल्लीच्या मुलींना कुठे जमायचं?" हल्लीची मुलगी पन्नाशीला आली होती. ती त्या वेळी सासूबाईंची पाठ पुसत असे.

बाईंनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहाटे उठून पाहिलं. पण त्या घराच्या भिंती पातळ होत्या, आणि पलंग करकरला की पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "उठलीसच आहेस तर चहा टाक." 'उठलीसच आहेस तर' या शब्दांनी जगातल्या किती प्रार्थना बुडवल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत बसून पाहिलं, तर मालक पडद्यातून डोकं घालून म्हणाले, "मोकळ्याच आहात तर जरा त्या नवीन बाईंना गिअर दाखवा." रात्री पलंगाशी गुडघे टेकून पाहिलं. गुडघ्यांमागोमाग कपाळही टेकायचं, आणि सकाळी चादरीची वीण कपाळावर उमटलेली असायची. प्रार्थनेला वेळ कसा काढावा यावर उत्तम पुस्तकं निघतात. ती लिहिणाऱ्यांच्या घरी चहा कोण टाकतं, हे मात्र प्रस्तावनेत सापडत नाही.

अखेर वेळ सापडला तो मोठ्या चौकात.

या चौकात पाच रस्ते येऊन मिळतात. त्यामुळे एकदा लाल दिवा लागला की माणसाला आपल्या आयुष्याचा फेरविचार करता येतो. लोक तिथे दाढी उरकत, भांडणं पुढे चालू ठेवत, वाहतूक खात्याच्या पूर्वजांचा उद्धार करत. एका सकाळी बाई तिथे अडकल्या होत्या. घरी मुलगी तापाने फणफणलेली. शेजारी शिकाऊ गृहस्थ. लाल दिव्याशी शिकाऊ माणूस बोलत नाही, त्याचा सगळा जीव पायांत गेलेला असतो. आणि बाईंच्या एकदम लक्षात आलं की या क्षणी आपल्याला कोणीही हाक मारत नाहीये. कोणी मारूही शकत नाही. त्यांनी ओठ हलवले. मुलीचं नाव घेतलं, ताप उतरू दे म्हणाल्या, आणखी दोन शब्द बोलल्या, "आमेन" म्हणाल्या. दिवा हिरवा झाला.

त्या दिवसापासून गावात बाईंइतका लाल दिव्याचा चाहता दुसरा नव्हता.

डोळे मिटायची सोय नव्हती. लहानपणी त्यांना शिकवलेलं, हात जोडावे, डोळे मिटावे, डोकं लववावं. बाईंचे हात मांडीवर, डोळे रस्त्यावर आणि पाय ब्रेकवर. प्रार्थना पुटपुटत्या आवाजात आणि अगदी घरगुती. "प्रभू, आईंच्या पाठीची जखम भरू दे. पोरीच्या डोक्यात ते गणित शिरू दे. ह्यांना विजेचा धक्का बसू देऊ नकोस. ही जी शेजारी बसलीय तिला डावं-उजवं कळू दे, आणि कळेपर्यंत रस्त्यावरच्यांना तू सांभाळ. आमेन." मनातल्या मनात का नाही म्हणत, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. मनात जागा नव्हती. तिथे गॅस संपत आलेला असायचा, धुणं भिजत पडलेलं असायचं. ओठांवर तेवढी मोकळी जागा होती.

हळूहळू प्रार्थना पसरली. दवाखान्याजवळच्या दिव्याशी आजारी माणसं, शाळेच्या कोपऱ्यावर मुलगी. सासूबाईंना लहान सिग्नल पुरेना, म्हणून त्यांना रेल्वेचं फाटक दिलं. मालगाडी असेल तर नवऱ्याच्या बहिणीही त्यात बसत. गावात ज्या ज्या जागी लोक शिव्या देत, त्या त्या जागी बाई कोणाचं तरी नाव घेत. आणि हे सगळं इतकं बेमालूम की घरी कोणाला पत्ता नव्हता. मिरवणं बाईंच्या स्वभावात नव्हतंच. मिरवायलाही वेळ लागतो.

शिष्यांना मात्र शेजारून पुटपुटणं ऐकू यायचं. एका कारकुनाला वाटलं, बाई आपल्याला शिव्या घालताहेत.

"मॅडम, काय बोलायचंय ते तोंडावर बोला," तो म्हणाला.

"तुमच्याबद्दल नाही हो बोलत."

"मी ऐकलंय माझं नाव."

"तुमच्यासाठी बोलत होते," बाई म्हणाल्या, "सावकाश, पुढे रिक्षा आहे."

कारकून पुढे गाडी शिकला, पास झाला, आणि गाडी विकत घेतल्यावर पहिल्यांदा बाईंना दाखवायला घेऊन आला.

आता इथे एक गोष्ट घडत होती, जी बाईंच्याही ध्यानात आली नव्हती. दिवा हिरवा होताना बाईंचं "आमेन" यायचं. रोजचा चौक, रोजचा दिवा. प्रार्थना आपोआप त्या मापाची बेतली गेली होती. आणि तो शब्द त्या घाईने तोडत नसत. आधी लांबवलेला "आ", मग अलगद टेकवलेला "मेन". शिकाऊ माणसाची सगळी अडचण क्लच हळू सोडण्याची. फटकन सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते. तर "आ" चालू असताना पाय आपोआप वर येऊ लागायचा, गाडीला हलकी थरथर सुटायची, आणि "मेन"ला ॲक्सिलरेटरवर दाब पडला की गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघायची. बाईंचे शिष्य सिग्नलवर गाडी बंद पाडत नाहीत, असा लौकिक झाला. मालकांनी तो पाटीवरसुद्धा रंगवून घेतला. कारण कोणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं नर्सबाईंमुळे.

नर्सबाई इस्पितळात वॉर्डात काम करून थकलेल्या, पण थकले म्हणायची सवय नसलेल्या. त्यांना नवीन काम मिळत होतं: टेकड्यांवरच्या वस्त्यांत घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना पाहायचं. गाडी मिळणार होती, ती स्वतः चालवता आली पाहिजे एवढीच अट. बाईंना हे काम आपलंच वाटलं होतं. अंथरुणाला खिळलेलं माणूस म्हणजे काय, हे त्यांना घरी रोज दिसत होतं. म्हणून नर्सबाईंना त्या जास्त वेळ शिकवत, आणि मोठ्या चौकात त्यांच्यासाठी जास्त वेळ मागत.

लायसन्सची परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच व्हायची. शेजारी परीक्षा घेणारे साहेब, आणि शिकवणारीने मागच्या सीटवर तोंड बंद ठेवून बसायचं असा नियम. नर्सबाईंनी चढावर गाडी थांबवून पुढे घेतली, मागे घेतली, सगळं बिनचूक. परत येताना मोठा चौक लागला. लाल दिवा. गाडी रेषेच्या अलीकडे, जशी थांबायला हवी तशी थांबली.

दिवा हिरवा झाला. गाडी हलली नाही.

साहेब वाट पाहत राहिले. सुचवायचं नाही, हा त्यांचाही नियम. मागच्या गाड्यांना तसा नियम नव्हता, त्या एका सुरात ओरडू लागल्या.

"बाई, हिरवा झालाय," शेवटी साहेब म्हणाले.

"हो, दिसतोय की."

"मग?"

"तुम्ही म्हणा ना."

"काय म्हणू?"

"आमेन," नर्सबाई म्हणाल्या.

साहेबांनी नोकरीत हरतऱ्हेची कारणं ऐकली होती. हे नवीन होतं. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. नर्सबाईंनीही आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर सावकाशबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. आमेन त्यांनी म्हटलं होतं, पण नियमाप्रमाणे मनात. तेवढ्यात दिवा पुन्हा लाल झाला.

"बघा," नर्सबाई साहेबांना रागावून म्हणाल्या, "गेला ना!"

आरशात पाहण्याचे गुण त्यांना पूर्ण मिळाले. बाकी नापास.

"मला वाटलं तो गाडीचाच शब्द आहे," बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या. "क्लच, गिअर, हँडब्रेक, आमेन. त्यातला एक तरी आपला आहे का? मी म्हटलं असेल, गाडी निघताना म्हणतात." मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, रडताय काय? नापास मी झालेय."

"माझ्यामुळे झालात."

"पुढच्या महिन्यात पुन्हा देता येते. तोवर नोकरी देणारे थांबतील. थांबतील असं वाटतंय."

त्या 'वाटतंय'ने बाईंना जास्त लागलं.

साहेब आणि मालक एकाच टपरीवर चहा पीत. त्यामुळे बातमी बाईंच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोचली होती. मालक काही दुष्ट माणूस नव्हते. पोट सुटलेलं, आवाज मोठा, आणि गाडी शिकवायला बाई ठेवली म्हणून गावाने हसून घेतलं तेव्हा गावाला सुनावणारे. पण त्यांना धंदा कळत होता.

"बाई, तुमची श्रद्धा आहे, चांगली गोष्ट आहे," ते म्हणाले. "पण उद्या कोणी बाहेर बोललं की आमच्या गाडीत बसलं की माणूस देवाजवळ जातं, तर कोण बसेल?"

बाईंना हसू आलं नाही. मालकांनी विनोद केलेलाही नव्हता.

"गाडीत प्रार्थना नको. मोठ्याने नको, पुटपुटून नको, शब्दसुद्धा नको. एवढं पाळता येणार असेल तर तुमची सीट तुमची. नसेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

"पाळेन," बाई म्हणाल्या. मालक वाद घालायच्या तयारीने बसले होते, त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण बाईंच्या मते यात वाद नव्हता. आपल्या शब्दामुळे एका बाईची परीक्षा गेली होती. देवाशी बोलताना शेजारच्या माणसाला धक्का लागत असेल, तर थांबायचं आपण, देवाने नव्हे, इतकं त्यांना कळत होतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या चौकात सावकाशबाईंचे शिष्य एकामागून एक गाड्या बंद पाडू लागले. कारण न कळता लौकिक मिळाला होता, तसाच गेला. बाईंनी दिवा बदलला की "चला" म्हणायला सुरुवात केली. "चला" हा शब्द फार तुटक आहे. त्यावर पाय झटक्याने सुटायचा. मग त्यांनी प्रत्येकाला रिकाम्या मैदानात नेऊन, तोंडातून शब्द न काढता, नुसत्या पायाला जाणवणाऱ्या थरथरीवर गाडी सोडायला शिकवलं. हे आधीच शिकवायला हवं होतं, असं त्या स्वतःलाच म्हणाल्या. शिकवण्यात मेहनत दुप्पट झाली. मैदानात सिग्नल नव्हते.

आणि जे व्हायचं ते झालं. मोठ्या चौकात बाई गप्प बसून राहू लागल्या. मनात म्हणून पाहिलं. "प्रभू, आईंची पाठ" इथवर यायचं, आणि पाठीवरून मलम, मलमावरून औषधाचं दुकान, दुकानावरून पिशवी, पिशवी आणायला विसरले, असं करत दिवा हिरवा. त्यांना चौकातली दंतमंजनाची जाहिरात पहिल्यांदाच दिसली. वर्षभर ती तिथेच होती. पाच रस्त्यांचा तो दिवा फार वेळ घेतो, असं एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, अगदी इतर माणसांसारख्या. म्हणाल्या आणि दचकल्या. दुसरं कोणतंही नुकसान त्यांनी मुकाट सोसलं असतं. आपल्या हातातून काय निसटतंय हे त्यांना त्या वैतागाने सांगितलं.

घरी कोणाला काही कळलं नाही. फक्त सासूबाई एकदा म्हणाल्या, "हल्ली फार तडतड करतेस गं." मग कप परत करत, "चहा थंड झालाय."

नर्सबाईंची परीक्षा पुन्हा आली. तेच साहेब, तीच गाडी, मागच्या सीटवर त्याच बाई. मोठ्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा साहेब उगीचच सरळ होऊन बसले. दिवा हिरवा झाला आणि गाडी निघाली. कोणी काही बोललं नाही. निघाली म्हणजे अशी, की साहेबांच्या मांडीवरचं पेनही घरंगळलं नाही.

कचेरीच्या आवारात गाडी लागली. साहेबांनी पास लिहिलं, सही केली, आणि मग त्यांना राहवेना.

"आज ते नाही केलंत?"

"काय ते?"

"ते, तुमचं. मागच्या वेळचं."

"ते होय?" नर्सबाई म्हणाल्या. "ते घरून करून आले."

साहेब हसले. सावकाशबाई हसल्या नाहीत. साहेब उतरून गेल्यावर त्या पुढे वाकल्या.

"खरंच केलीत, की त्यांना असंच सांगितलंत?"

"केली ना. म्हटलं, तुम्हाला बंदी केलीय, तर तुमच्या वाट्याची मी करते. मला काय येतंय त्यातलं! तुम्ही नावं घेत होतात तशी घेतली, आमच्या देवालाही सांगितलं, तुमच्यालाही. शेवटी तुमचा शब्द टाकला."

"कधी केलीत? सकाळी? तुमच्या घरी तर सहा माणसं."

"म्हणून तर सांगून टाकलं. म्हटलं, मी आत बसतेय, दार लोटलंय, मला हाक मारायची नाही."

"आणि कोणी मारली नाही?"

नर्सबाईंना प्रश्न कळला नाही. "सांगितल्यावर कशी मारतील?"

हा काही मोठा विचार नव्हे. पण सावकाशबाई गाडीतच बसून राहिल्या. गेली कितीतरी वर्षं त्यांनी देवासाठी वेळ चोरून आणला होता: सिग्नलचा, फाटकाचा, जो कोणाचाच नव्हता असा. मागितला कधीच नव्हता. चहा, औषधं, डबा, शिकवणी यांच्यासाठी घर त्यांच्याकडून वेळ मागत असे, हक्काने, मोठ्या आवाजात. आपणही मागू शकतो, ही कल्पना त्यांना शिवली नव्हती. मागण्यासारखं ते काम आहे, असं त्यांनी कधी कोणाला भासू दिलं नव्हतं. बहुतेक स्वतःलाही नाही.

त्या संध्याकाळी जेवायला सगळे होते. एकाही फ्रिजने दगा दिला नव्हता.

"मला रोज थोडा वेळ हवाय," बाई म्हणाल्या. "कामावरून आल्यावर. स्वयंपाकाच्या आधी."

"कुठे जायचंय?" नवऱ्याने विचारलं.

"कुठे नाही. आतल्या खोलीत."

"बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे. प्रार्थना करायचीय."

"मग कर की," नवरा म्हणाला, "कोण नको म्हणतंय?"

'कोण नको म्हणतंय' हे वाक्य फार उदार आहे. त्यात परवानगी असते, मोठेपणा असतो, आणि बटाटे कोण सोलणार याचा उल्लेख नसतो. एरवी बाई तिथेच थांबल्या असत्या. या वेळी थांबल्या नाहीत.

"नको कोणी म्हणत नाही. पण तेवढ्या वेळात आईंना काय हवं नको ते तुम्ही बघायचं. बटाटे ही पोरगी सोलेल. फोन वाजला तर कोणीही घ्या, मी घेणार नाही. दार वाजवायचं नाही."

"आणि मला जायला लागलं कोणाच्या फ्रिजसाठी तर?"

"त्यांचं दूध तेवढा वेळ तग धरेल."

मुलगी खुदकन हसली आणि बापाने पाहताच गंभीर झाली. "मला कुठे येतात बटाटे," ती म्हणाली.

"बटाट्यांना येतं सोलून घ्यायला. तू फक्त धर."

पुढच्या खोलीतून आवाज आला. भिंती पातळच होत्या.

"मी तासभर बसायचे रोज. पहाटे."

सगळ्यांचे हात थांबले. आता वर्णन येणार होतं. बाई उठून दाराशी गेल्या. "हो आई. ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक! मी बसायचे तेव्हा हा तुझा नवरा भोकाड पसरायचा. लहान होता. शेजारची यायची आणि उचलून न्यायची त्याला. रोज."

"हे कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलं कधी? मला वाटायचं, देवच शांत करतो त्याला. मी आपली डोळे मिटून." सासूबाईंनी डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं. "तिला कधी म्हटलं नाही, बाई गं, तुला जमतंय का. ती कधी बसली प्रार्थनेला, देव जाणे." त्यांनी मान दाराकडे वळवली. "तू विचारतेस तरी. बस जा. मी ओरडणार नाही."

"पाणी लागलं तर?"

"मुलगा आहे ना माझा? का नुसते फ्रिजच थंड करतो?"

दुसऱ्या दिवशी बाई कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. पुढच्या खोलीत नवरा आईला फुलपात्रातून पाणी पाजत होता आणि निम्मं तिच्या गळ्यावर सांडत होता. सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्या शब्दाला जागल्या. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड उपासना असावी.

मुलगी स्वयंपाकघरात बटाट्याशी झुंजत होती तेव्हा फोन वाजला. मालकांचा होता.

"आईला दे."

"आई घरीच आहे. पण आत्ता येणार नाही."

"झोपलीय?"

"नाही. प्रार्थना करतेय."

मग मालक म्हणाले, "बरं. उद्या एक जण लवकर येणार आहे, एवढं सांग. घाई नाही." आणि थोडं खाकरून, "आणि तिला म्हणावं, माझंही नाव घे. गुडघा दुखतोय महिनाभर."

"सांगते."

"नको, राहू दे. उगाच तिला..." पुन्हा खाकरले. "नाही, सांगच."

मुलगी ओल्या हातांनी दाराशी गेली. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. नीट कान दिला तर एकेक नाव कळलं असतं. तिने कान दिला नाही. उचललेला हात तिने खाली घेतला, निरोप नंतर सांगू असं ठरवलं आणि परत जाऊन उरलेले बटाटे पुढे ओढले.